मोटर जळाली म्हणण्याआधी मिक्सरचा कार्बन बघा

गड्ड्याची जत्रा आणि संक्रांत जवळ आली की सोलापुरात घरोघरी शेंगदाणे भाजायला घेतात, शेंगा चटणी, शेंगापोळीचं सारण, तिळाचं कूट, आणि नेमका त्याच आठवड्यात मिक्सर बंद पडतो. मग शेजारच्या काकू सांगतात, "मोटर जळाली असणार ओ, आता नवाच घ्या." मला हे ऐकवत नाही. मोटर जळणं वेगळं आणि मोटरला करंट न पोचणं वेगळं, आणि घरच्या मिक्सरमध्ये बऱ्याचदा दुसरंच झालेलं असतं, म्हणजे कार्बन, बोटाच्या पेराहून लहान असा एक काळा तुकडा, झिजून गेलेला असतो, ज्याची जोडी साधारण शंभर रुपयांच्या आत मिळते.

आधी सोपं तपासा. मिक्सर उलटा केला की बुडाला बहुतेक एक लाल बटण दिसतं, तो ओव्हरलोड, म्हणजे मोटरवर जास्त ताण आला की वीज तोडणारा स्विच. चटणी वाटताना शेंगदाण्याला तेल सुटतं, लगदा पात्याला धरतो आणि मोटरचा वेग पडतो. फिरणारी मोटर स्वतःच उलट दिशेचं व्होल्टेज तयार करत असते, वेग पडला की तेही पडतं, मग करंटला अडवायला फारसं काही राहत नाही, तो वाढतो, आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि सर्किट तुटतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 ला गेला की हे आणखी लवकर होतं. पंधरा मिनिटं थांबायचं, बटण दाबायचं. मोटरचा आवाज येतोय पण पातं फिरत नाही, तर वरचा कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारा तुकडा, झिजलाय, तोही स्वस्तच असतो.

पण बटण दाबूनही काहीच आवाज नाही, किंवा मधेच चालतो मधेच बंद, तर कार्बन. आणि खरं तर मला याच्यावरच बोलायचंय.

आपल्या पॉवरलूमच्या मोटरीला कार्बन नसतो, सीलिंग फॅनलाही नसतो, मग मिक्सरलाच का? कारण 50 हर्ट्झ, म्हणजे आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते. लूमची ती इंडक्शन मोटर, तिच्यातलं चुंबकीय क्षेत्रच विजेच्या तालावर फिरतं, त्यामुळे 50 हर्ट्झच्या विजेवर ती मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या पुढे जाऊच शकत नाही, लूमवरची तर साधारण 1440 लाच फिरते. सुकं खोबरं बारीक करायला एवढा वेग पुरत नाही. मिक्सरची मोटर रिकामी असताना 18000 च्या आसपास जाते, तिला युनिव्हर्सल मोटर म्हणतात, आणि तिच्यात फिरणाऱ्या आर्मेचरलाही, म्हणजे तारा गुंडाळलेल्या मधल्या भागालाही, वीज द्यावी लागते. फिरणाऱ्या वस्तूला वायर कशी जोडणार, पीळ बसून तुटेल, म्हणून तांब्याच्या पट्ट्यांचा गोल कम्युटेटर आणि त्याच्यावर दोन बाजूंनी स्प्रिंगने दाबलेले कार्बन. दहावीत फ्लेमिंगच्या डाव्या हाताचा नियम शिकलात तो इथे लावा: वीज सेकंदाला 100 वेळा दिशा बदलते, पण बाहेरची कॉइल आणि आर्मेचर एकामागे एक जोडलेले असल्यामुळे चुंबकीय क्षेत्र आणि आर्मेचरमधला करंट दोन्ही एकदमच उलटतात, दोन उलट मिळून सुलट, बल त्याच दिशेला, मोटर एकाच बाजूला फिरत राहते.

आता झिजेचा हिशोब बघा. कम्युटेटरचा व्यास दोन सेंटीमीटर धरला तर परीघ सव्वासहा, सेकंदाला 300 फेरे, म्हणजे कार्बनखालून तांबं ताशी 65 किलोमीटरच्या वर वेगाने सरकतंय. लोड आल्यावर वेग कमी होतो म्हणून अर्धाच धरा, तरी रोज पाच मिनिटं मिक्सर चालवला तर वर्षाला हजारेक किलोमीटर, सोलापूर-पुणे दोनदा जाऊन-येऊन. एवढं घासून तो तुकडा टिकतो कसा?

सुरुवातीच्या यंत्रांत तांब्याच्या तारांचे झुपके वापरायचे, ते कम्युटेटर खरवडून टाकायचे. 1885 साली जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश इंजिनिअरने कार्बनचं पेटंट घेतलं. ग्रॅफाइटचे थर एकमेकांवर घसरतात हे शाळेत शिकवतात, पण ते अर्धंच आहे. दुसऱ्या महायुद्धात खूप उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले कार्बन काही तासांतच भुगा व्हायला लागले. शोधल्यावर कळलं की तिथल्या हवेत बाष्प जवळपास नाहीच. थरांच्या कडांना मोकळे बंध असतात, ते समोरच्याला चिकटतात, पाण्याचे रेणू त्यांच्यावर बसले की चिकटणं थांबतं आणि मग ग्रॅफाइट गुळगुळीत चालतं. म्हणजे हवेतली वाफ त्या मोटरीचं वंगण आहे! आपल्याकडची उन्हाळी हवा कितीही कोरडी वाटू दे, तेवढी वाफ तिच्यात असतेच.

बंद मिक्सरला चापट मारली की तो चालू होतो, ते पण याच्यामुळेच, आखूड झालेला कार्बन खोबणीत अडकलेला असतो तो धक्क्याने पुन्हा टेकतो. एकाच घरात दुसरा मिक्सरही गेला की "नजर लागली" म्हणून वर लिंबू-मिरची बांधणारे लोक आहेत. अहो, दोन्हीत कार्बनच होता आणि वापरही तेवढाच होता.

बदलताना प्लग काढायचाच, नुसतं बटण बंद करून चालत नाही, कारण सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील तर फेज आतपर्यंत आलेला असतो. वॉरंटी असेल तर हात लावू नका. बुडाचे स्क्रू काढा, कम्युटेटरच्या दोन्ही बाजूंच्या खोबणीतून कार्बन ओढून बघा, पाच-सहा मिलिमीटर उरला असेल तर दोन्ही एकदम बदला, आणि जुना दुकानात सोबत न्या, मापात थोडा फरक पडला तरी नवा खोबणीत अडकतो. वार्निश जळाल्याचा वास येत असेल किंवा कम्युटेटरभोवती ठिणग्यांचं पूर्ण कडं फिरत असेल तर मात्र काम घरचं नाही, मेकॅनिककडे द्या. थोड्या निळ्या ठिणग्या नेहमीच्याच. नवा कार्बन सपाट असतो, कम्युटेटर गोल, म्हणून आधी भांडं न लावता एक नंबरवर थोडं थोडं चालवायचं म्हणजे तो बसतो.

आणि एक, कम्युटेटर चॉकलेटी दिसला म्हणून पॉलिश पेपरने घासून चकचकीत करू नका. तो थर तांब्याचा ऑक्साइड, ग्रॅफाइट आणि त्याच वाफेचा बनलेला असतो, त्याच्यावरूनच कार्बन घसरतो. काळे जळके डाग असतील तेवढेच हलक्या हाताने पुसा.