टेंडर आणि रुग्णाची निवड: इंग्लंडमधल्या ‘कलम ७५’ची पार्श्वभूमी

१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत, उपचारसेवा विकत घेण्याचे नवे नियम लागू झाले. २०१२ च्या कायद्यातल्या कलम ७५ मुळे आलेला टेंडर काढण्याचा जाच कमी झाला. कुठल्या रुग्णालयात जायचं हे ठरवण्याचा रुग्णाचा हक्क मात्र शाबूत राहिला. स्पर्धा आणि निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कायद्यात उतरायला तीसएक वर्षं लागली.

५ जुलै १९४८ रोजी, अन्यूरिन बेव्हन आरोग्यमंत्री असताना, ही सेवा सुरू झाली तेव्हा खरेदीचा प्रश्नच नव्हता. पैसा सरकारचा, रुग्णालयंही सरकारी. १९९१ मध्ये हे बदललं. थॅचर सरकारच्या कायद्याने पैसे देणारे आणि सेवा पुरवणारे वेगळे केले. रुग्णालयांचे स्वतंत्र कारभाराचे ट्रस्ट झाले, जिल्हा आरोग्य प्राधिकरणं खरेदीदार झाली, काही फॅमिली डॉक्टरांच्या हातीही निधी आला. बाजार आला, पण निवड फारशी आली नाही. रुग्ण कुठे जाणार हे बहुधा कंत्राटावर ठरे.

निवड आणली ती मजूर पक्षाने. २००६ पासून रुग्णापुढे किमान चार पर्याय ठेवायचे, असं ठरलं. २००८ मध्ये नियोजित उपचारांसाठी ही यादी देशभर खुली झाली, खासगी केंद्रांसह. दर सरकारने ठरवलेले होते, त्यामुळे चढाओढ किमतीची नव्हे, दर्जाची आणि प्रतीक्षेच्या दिवसांची होती. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा भाग.

मग आरोग्यमंत्री अँड्र्यू लॅन्स्ली यांचा २०१२ चा कायदा आला. त्याच्या कलम ७५ खालची, सेवाखरेदी आणि स्पर्धेबद्दलची नियमावली फेब्रुवारी २०१३ मध्ये संसदेपुढे आली आणि डॉक्टरांच्या संघटना खवळल्या: जवळजवळ सगळंच टेंडरला काढावं लागणार, ही भीती होती. सरकारने नियमावली मागे घेऊन मार्चमध्ये नव्याने मांडली. १ एप्रिलला ती लागू झाली, त्याच महिन्यात हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये ती रद्द करण्याचा ठराव पडला. सुधारित नियम ५ प्रमाणे, सेवा देऊ शकणारी एकच संस्था असेल तर टेंडरशिवाय कंत्राट देता येई. पण ‘एकच’ आहे हे सिद्ध कसं करायचं? या कायद्याने आता खरेदीदार झालेल्या स्थानिक मंडळांवरचे डॉक्टर वकिलांकडे धावू लागले. त्याच वर्षी बोर्नमथ आणि पूल या शेजारच्या रुग्णालयांचं विलीनीकरण स्पर्धा आयोगाने रोखलं. एकत्र येऊन सेवा सुधारू पाहणाऱ्यांना स्पर्धेच्या नावाखाली अडवणं मला आजही खटकतं. ती रुग्णालयं एक झाली ती थेट २०२० मध्ये. सरेमध्ये मुलांच्या आरोग्यसेवेचं सुमारे ८.२ कोटी पौंडांचं कंत्राट हुकल्यावर व्हर्जिन केअर या खासगी कंपनीने दावा लावला. तो २०१७ मध्ये तडजोडीने मिटला आणि मंडळांना पैसे मोजावे लागले.

२०१९ मध्ये एनएचएसच्याच नेतृत्वाने हे कलम काढून टाकण्याची मागणी केली. २०२२ च्या कायद्याने ते गेलं. आता चांगलं काम करणाऱ्या जुन्या संस्थेला स्पर्धेविना पुन्हा कंत्राट देता येतं, कारणं जाहीर करून. आणि जिथे रुग्णाला निवडीचा कायदेशीर हक्क आहे, तिथे खरेदीदाराला संस्थांच्या संख्येवर मर्यादाच घालता येत नाही: निकषांत बसणाऱ्या प्रत्येक संस्थेला कंत्राट द्यावं लागतं.