पाणलोट व्यवस्थापन आणि ग्रामसमाज (इंदूर परिसर)

माळव्याच्या पठारावर पावसाचे पाणी व माती शिवारातच अडवण्याची जी कामे होतात, त्यांविषयी गावकऱ्यांची भूमिका. मराठीतील ‘पाणलोट’ला सरकारी हिंदीत ‘जलग्रहण क्षेत्र’ म्हणतात. खेड्यांत नुसते ‘वाटरशेड’.

इंदूर जिल्हा जलविभाजकावर वसला आहे. जानापाव टेकडीवर (उंची सु. ८५४ मी.) उगम पावणारी चंबळ, तसेच क्षिप्रा उत्तरेकडे वाहतात, चोरल दक्षिणेस नर्मदेला मिळते. ‘मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’ ही उक्ती पुष्कळदा कबीराच्या नावावर सांगितली जाते. ती लोकोक्ती मानणे अधिक सयुक्तिक. पाणी अडवण्याची निकड येथे उशिरा जाणवली, याचे एक कारण या उक्तीतला भरवसाही असावा. साधारणतः १९७० नंतर कूपनलिका वाढल्या, विहिरी आटू लागल्या आणि १९९० च्या सुमारास शेजारच्या देवासला रेल्वेने पाणी आणावे लागले.

बांध फोडण्याचा प्रश्न : समपातळीवर घातलेले मातीचे बांध शेतकऱ्यांनीच फोडल्याच्या तक्रारी काळ्या मातीच्या प्रदेशांत जुन्या आहेत. त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. पूर्वी पावसाळ्यात बरीचशी भारी जमीन पडीक ठेवून मुरलेल्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घेत. तेव्हा शेतात चार दिवस पाणी तुंबले तरी बिघडत नसे. पावसाळ्यात घेतले जाणारे सोयाबीन आल्यावर हिशेब पालटला. झड लागली की बांधाच्या वरच्या अंगाचे पीक पिवळे पडते, आणि शेतकरी फावड्याने दोन हात रुंद खांड पाडून पाणी काढून देतो. ही माती भिजली की फुगते व पाणी मुरणे मंदावते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यांतून पुढे बांधही फुटतो. म्हणून भारी जमिनीत हलक्या उताराचे बांध व जादा पाणी वाहून नेणारे गवताळ सांडपाट अधिक योग्य ठरतात. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत (स्थापना १९२४) ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनीही शेतातील पाण्याच्या निचऱ्याकडे लक्ष दिले होते, हे त्यांच्या कंपोस्टच्या ‘इंदूर पद्धती’पुढे झाकोळले गेले.

वर्गणी व चराई : मध्य प्रदेशात १९९४ साली राजीव गांधी पाणलोट मिशन सुरू झाले. १९९५ पासून लागू झालेल्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत सु. ५०० हेक्टरांचे क्षेत्र, गावाची समिती आणि लोकवर्गणी (सार्वजनिक कामांना किमान ५ टक्के, खाजगी जमिनीवर १० टक्के) अशी मांडणी होती. वर्गणी बहुधा श्रमदानाने भरायची, आणि येथेच मने दुभंगतात : रोजावर जगणाऱ्याला तो बुडालेला दिवस असतो, विहीरवाल्याला गुंतवणूक. वरच्या अंगाला चरनोईवर (गावाच्या सामाईक चराऊ जमिनीवर) चर खोदून चराईबंदी केली की शेळ्या-गाई बाळगणाऱ्याचा चारा तुटतो. पाणी मात्र खालच्या विहिरींना लागते. निस्तार हक्क (सामाईक जमिनीवरून चारा, सरपण वगैरे घेण्याचे गावकऱ्यांचे हक्क) कागदावर असले तरी हे नुकसान समितीच्या बैठकीत क्वचितच मोजले जाते. चारा-पाण्याचे ओझे वाहणाऱ्या बायका बैठकीत असतात, पण चर कुठे घ्यायचे हे त्यांना सहसा विचारत नाहीत.

शेततळी : २००६ पासून देवास जिल्ह्यात मोठ्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा सु. दहावा हिस्सा तळ्यासाठी सोडला, काहींनी कर्जही काढले. जमीन ज्याची गेली, पाणीही त्यालाच मिळाले. म्हणून ही कामे टिकली असे मानण्यास जागा आहे. भूमिहीन कुटुंबांना या तळ्यांतून मिळाली ती मुख्यतः खोदाईची आणि वाढलेल्या रब्बीतली मजुरी.