सुपरहिरोंचे गोंदण

चित्रकथा, ॲनिमेशनपट व चित्रपट यांतील अतिमानवी पात्रांच्या अंगावर त्यांच्या कथेशी निगडित अशी कायमची खूण योजण्याची कला. सुई व शाईने काढलेल्या आकृतीबरोबरच डाग, व्रणांची नक्षी व त्वचेवर उमटलेला ठसा यांचाही विचार या संज्ञेत केला जातो. सुपरहिरोचे चिन्ह बहुधा पोशाखावर असते. पोशाख उतरवला की तो चारचौघांसारखा होतो. गोंदण उतरत नाही. मेल्यावर अंगावरचे दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, ही आपल्याकडील समजूतही हेच सांगते. दुहेरी आयुष्य जगणाऱ्या नायकाला अशी खूण अडचणीची ठरते. गोंदलेली पात्रे पुष्कळदा खलनायक, कैदी किंवा ओळख न लपवणारे योद्धे असतात, त्याचे एक कारण हे असावे.

या कलेचा आरंभ कोठून धरावा हे व्याख्येवर अवलंबून आहे. ली फॉक यांची ‘फँटम’ ही वृत्तपत्रीय चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली. इंद्रजाल कॉमिक्समुळे (१९६४–९०) हा नायक मराठी वाचकांना वेताळ म्हणून परिचित आहे. त्याच्या एका अंगठीवर कवटी आहे. ठोसा बसला की गुन्हेगाराच्या जबड्यावर कवटी उमटते आणि ती पुसली जात नाही. दुसऱ्या अंगठीची खूण अभयाची. ती ज्याला मिळाली तो वेताळाच्या संरक्षणाखाली आला. वेताळापासून आरंभ धरण्यावर दोन आक्षेप संभवतात. एक, खूण नायकाच्या नव्हे तर इतरांच्या अंगावर उमटते. दुसरा, सुपरहिरोंचे अभ्यासक पीटर कूगन (२००६) यांनी सांगितलेली कार्य, शक्ती व ओळख ही तीन लक्षणे लावल्यास सुपरहिरोंची परंपरा १९३८ च्या सुपरमॅनपासून सुरू होते व वेताळ पूर्वसूरी ठरतो. मात्र खूण कोणी, कोणाच्या अंगावर आणि कशासाठी उमटवली, हा या कलेतील मध्यवर्ती प्रश्न वेताळाच्या कथांत स्पष्टपणे उभा राहतो. त्यामुळे आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. केवळ शाईचे गोंदण विचारात घेतल्यास ‘ग्रीन लँटर्न’ या चित्रकथा-मालिकेच्या २३ व्या अंकातील (१९६३) ‘टॅटूड मॅन’ हा खलनायक महत्त्वाचा ठरतो. या खलाशाच्या अंगावरील आकृत्या त्याच्या इच्छेसरशी खऱ्या वस्तू होतात. येथे गोंदण हे हत्यार आहे. त्याला पूर्वचरित्राचा आधार फारसा नाही.

‘आयर्न फिस्ट’ (रॉय टॉमस व गिल केन, १९७४) या नायकाच्या छातीवरील काळा ड्रॅगन सर्रास टॅटू म्हणून ओळखला जातो आणि चाहते तो तसाच गोंदवून घेतात. मूळ कथेत मात्र तो डाग आहे. कुन-लुन या गूढ नगरीत डॅनी रँड हा तरुण शाउ-लाओ या ड्रॅगनशी झुंजतो. ड्रॅगनच्या छातीवरील व्रणाला तो मिठी मारून राहतो आणि त्या व्रणाचा आकार त्याच्या छातीवर भाजून उमटतो. म्हणजे आकृती कोणा कारागिराने काढलेली नाही. ती शत्रूच्या देहावरून आली आहे. पात्राच्या उगमाबाबत टॉमस यांनी एका कुंगफू चित्रपटातील ‘आयर्न फिस्ट’ नावाच्या विधीचा निर्देश केला आहे, तर तिबेटी साधूंनी वाढवलेला नायक ही कल्पना बिल एव्हरेट यांच्या ‘अमेझिंग मॅन’कडे (१९३९) जाते. हे ऋण टॉमस यांनीही मान्य केले आहे. केन यांनी पोशाखाची छाती उघडी ठेवली हे लक्षणीय आहे. खूण झाकली असती तर तिचे प्रयोजनच उरले नसते.

लादलेली खूण हा याहून गंभीर प्रकार. ‘एक्स-मेन’ चित्रकथांत १९९१ मध्ये अवतरलेल्या बिशप या नायकाच्या डोळ्यावरील ‘एम’ हे अक्षर भविष्यकाळातील छावणीत उत्परिवर्ती (जन्मजात अतिमानवी शक्ती असलेल्या) माणसांवर उमटवलेला डाग आहे. मॅग्नेटो हा खलनायक आउश्वित्झ या नाझी छळछावणीतून वाचलेला आहे, हे त्याच चित्रकथांत १९८१ मध्ये आले. आउश्वित्झमध्ये कैद्यांच्या अंगावर क्रमांक गोंदले जात. २००६ च्या ‘एक्स-मेन’ चित्रपटात गोंदण अभिमानाने मिरवणारे तरुण त्याला त्याची खूण कोठे आहे असे विचारतात, तेव्हा तो हातावरचा क्रमांक दाखवतो. निवडलेले व लादलेले गोंदण यांतील अंतर या प्रकारात इतक्या मोजक्या साधनांनी क्वचितच दाखवले गेले असेल. २००३ च्या ‘एक्स-मेन’ चित्रपटातील नाइटक्रॉलर हा उत्परिवर्ती स्वतःच्या प्रत्येक पापासाठी अंगावर एक चिन्ह कोरतो. मूळ चित्रकथांतील नाइटक्रॉलरच्या अंगावर अशी चिन्हे नाहीत.

‘टॅटू’ हा शब्द पॉलिनेशियातील ‘टाटाउ’पासून आला. सामोआतील परंपरेनुसार ही कला टाएमा व टिलाफाइगा या दोन बहिणींनी फिजीहून आणली. पुरुषाचे ‘पेआ’ हे गोंदण कमरेपासून गुडघ्यापर्यंत असते. ‘ॲक्वामॅन’ या समुद्री नायकाची भूमिका करणाऱ्या हवाईवंशीय जेसन मोमोआ यांच्या हातावर कुलरक्षक शार्कच्या दातांचे त्रिकोण आधीपासून गोंदलेले होते; पडद्यावरच्या पात्रासाठी गोंदण छाती-पाठीपर्यंत वाढवण्यात आले. ‘मोआना’मधील (२०१६) माउई या अर्धदेवाच्या अंगावर त्याचे पराक्रम गोंदलेले आहेत आणि त्यातली छोटी आकृती त्याची सद्सद्विवेकबुद्धी म्हणून वागते. हे गोंदण हाताने रेखाटून संगणकीय देहावर बसवले होते. त्याच माउईची गोंदलेल्या कातडीसारखी दिसणारी पोशाख-प्रतिकृती बाजारात आली, तेव्हा पॅसिफिक समाजांतून तीव्र विरोध झाला व ती मागे घेण्यात आली. विरोध रास्त होता: ज्या समाजात गोंदण हा वंशाचा व दर्जाचा लेख मानला जातो, तेथे ते अंगात घालण्याचे कापड होऊ शकत नाही.

रेखाटनाच्या दृष्टीने मुख्य अडचण पुनरावृत्तीची. चित्रकथेत तीच आकृती चौकटीचौकटीत, वळलेल्या खांद्यावर, ताणलेल्या दंडावर पुन्हा काढावी लागते, आणि तीही अनेकदा वेगवेगळ्या चित्रकारांना. जुन्या वृत्तपत्री कागदावर बारीक नक्षी फिसकटे. म्हणून ठसठशीत बाह्यरेषा, एकच रंग व छाती, चेहरा किंवा दंड अशी जागा पसंत केली जाते. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’मधील ड्रॅक्स या योद्ध्याच्या अंगावरील लाल नक्षी कागदावर सपाट आहे. २०१४ च्या चित्रपटात ती उठावाच्या व्रणांसारखी झाली व तिला त्याच्या चरित्राचा अर्थ मिळाला. अर्थ थेट शब्दांत लिहिण्याचा मार्ग कमकुवत ठरल्याचे दिसते. २०१६ च्या ‘सुइसाइड स्क्वाड’ चित्रपटातील जोकर या खलनायकाच्या कपाळावर ‘डॅमेज्ड’ असे गोंदले होते. त्याबद्दल दिग्दर्शक डेव्हिड एअर यांनी पुढे खेद व्यक्त केला.

गोंदण पडद्यावर आणताना कायद्याचाही प्रश्न येतो, कारण गोंदणाच्या आकृतीवर कारागिराचा स्वामित्वहक्क असू शकतो. मुष्टियोद्धा माइक टायसन यांच्या चेहऱ्यावरील गोंदणाची नक्कल एका विनोदी चित्रपटात केल्यावरून २०११ मध्ये अमेरिकेत खटला झाला. प्रदर्शन रोखण्यास न्यायालयाने नकार दिला आणि पुढे उभयपक्षी तडजोड झाली.