कारखान्यातल्या लॉगला ऑफिसची वाट कशी सापडली

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काही टॉवेल कारखान्यांसाठी आम्ही एक छोटं ॲप चालवतो. माग किती चालला, किती वेळा थांबला याची नोंद भिंतीवरचा डबा ठेवतो आणि पाळी सुटली की मालकाच्या फोनवर आकडे येतात. आकडे आले नाहीत की आम्हाला फोन. पूर्वी गाडी काढायची, डब्यावर साचलेला कापसाचा भुगा झटकायचा आणि पेनड्राइव्हवर लॉग, म्हणजे डब्याने आपल्या कामाच्या ठेवलेल्या नोंदी, घेऊन परतायचं. आता तोच लॉग डब्यातून थेट आमच्या ऑफिसातल्या संगणकावर उतरतो. ही वाट व्हायला चाळीसेक वर्षं लागली.

लॉग दुसऱ्या यंत्राकडे पाठवण्याची रीत १९८० च्या दशकातली. एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपाल-प्रणालीसाठी सिसलॉग लिहिलं आणि बघता बघता बाकीचे प्रोग्रॅमही ते वापरू लागले. नोंद यूडीपी या पोच न मागणाऱ्या पद्धतीने ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर (यंत्राच्या दारावर) सोडून द्यायची. पोहोचली की नाही याची पोच नाही, आणि मजकूर उघडा. मजकूर कुलूपबंद करणाऱ्या टीएलएस मार्गाने लॉग पाठवण्याचं मानक यायला २००९ उजाडलं.

पुढच्याच वर्षी गुगलने डॅपर या आपल्या प्रणालीवर निबंध प्रसिद्ध केला. एक विनंती अनेक यंत्रांतून फिरते, तेव्हा तिला एक क्रमांक द्यायचा आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते टिपायचं. हाच ट्रेस. ट्विटरचं झिपकिन, उबरचं येगर त्याच वळणाची. २०१९ मध्ये दोन प्रकल्प एकत्र येऊन ओपनटेलिमेट्री झालं, अशा नोंदी गोळा करायची सामायिक पद्धत.

पण लॉग गोळा करणारा सर्व्हर सहसा पक्क्या पत्त्यावर असतो, आणि आमची अडचण नेमकी तिथे होती. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत पत्ते जेमतेम ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसल्यावर १९९४ मध्ये नॅटची युक्ती पुढे आली: घरातल्या सगळ्यांनी बाहेर एकाच पत्त्याने वावरायचं. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून न बोलावता आत येता येत नाही. त्यातही इंटरनेट कंपनीच शेकडो ग्राहक एका पत्त्यामागे बसवते. कारखानाही नॅटमागे, आमचं ऑफिसही. म्हणून बहुतेक जण क्लाउडवर सर्व्हर भाड्याने घेतात. त्यात चूक काही नाही, पण गिऱ्हाइकाच्या उत्पादनाच्या नोंदी आपल्याच छताखाली असाव्यात असं मला मनापासून वाटतं.

यावरचा तोडगा इंटरनेटवरून बोलणाऱ्यांनी आणि खेळणाऱ्यांनी काढला. दोघांनी आधी एका ओळखीच्या सर्व्हरला गाठायचं. तो प्रत्येकाला समोरच्याचा बाहेरचा पत्ता सांगतो. मग दोघंही एकमेकांकडे जवळपास एकाच वेळी पॅकेट सोडतात आणि दोन्हीकडच्या राउटरला वाटतं, हे तर आपल्याच माणसाला आलेलं उत्तर. याला होल पंचिंग म्हणतात. पत्ता सांगणाऱ्या स्टनचं मानक २००३ चं, सगळ्या वाटा पडताळून पाहणाऱ्या आइसचं २०१० चं. २०२१ मध्ये क्विक ही डेटा पाठवण्याची नवी पद्धत प्रमाणित झाली आणि एकाच कुलूपबंद जोडणीत डेटाचा एक प्रवाह, लॉगचा दुसरा, असं सोपं झालं. आयरोसारख्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) तर यंत्राची ओळख म्हणजे त्याची सार्वजनिक किल्ली, कुणालाही सांगता येणारा त्याचा एकट्याचा लांबलचक आकडा. आयपी बदलला तरी ओळख तीच. काही राउटर दाद देतच नाहीत, तेव्हा मधला रिले लागतो, पण त्याला मजकूर वाचता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका कारखान्यातले रात्रपाळीचे आकडे गायब व्हायचे. पेनड्राइव्ह घेऊन तीनदा गेलो. सकाळपर्यंत डबा पुन्हा सुरू झालेला असायचा आणि जुना लॉग पुसलेला. थेट जोडणी बसवली त्याच रात्री ओळ आली: २०:४४ यूटीसी, म्हणजे आपले पहाटेचे २:१४. फाइल लिहायला एरवी काही मिलिसेकंद लागतात, तिथे ११ सेकंद लागले होते. मेमरी कार्ड मरायला टेकलं होतं. दुसऱ्या दिवशी ते बदललं.