क्रोशाची बाहुली: घेण्याआधी आणि घरी आल्यावर

आमच्या टेबलावरची बाहुली उचलली की लोक आधी किंमत विचारतात आणि मग, "मशिनवर का करत नाही? स्वस्त पडेल की!" या दोन्हींचं उत्तर एकच आहे. प्रदर्शनातल्या गर्दीत ते नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

स्वेटर आणि मोजे मशिनवर होतात, कारण त्या विणाईत सगळे टाके सुयांवर रांगेत उभे असतात. क्रोशात एका वेळी एकच टाका सुईवर असतो. पुढचा टाका घ्यायला आधीच्या विणीत सुई खुपसायची, दोरा पकडायचा आणि ओढून बाहेर काढायचा. तेही सपाट नाही, गोल फिरत आणि आकार देत. असं काम करणारं यंत्र कारखान्यांत वापरात नाही. त्यामुळे क्रोशाची बाहुली तुम्हाला कुठेही, कितीही स्वस्त दिसली तरी ती कोणीतरी हातानेच विणलेली असते. ती फारच स्वस्त असेल तर त्या हातांना काय मिळालं असेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

रुखवतातले रुमाल आणि हा प्रकार

क्रोशा आपल्या घरांना नवा नाही. रेडिओवरचा रुमाल, दारावरचं तोरण, पाण्याच्या तांब्यावरची मणी लावलेली जाळी, रुखवतात मांडलेलं टेबलक्लॉथ हे सगळं आज्यांनी केलंय. ते काम जाळीचं, म्हणजे साखळ्या आणि लांब खांबांचं. त्यात भोकं हीच शोभा. भरलेल्या बाहुल्यांची पद्धत मात्र आपल्याकडे जपानमधून आली. तिला अमिगुरुमी म्हणतात: 'अमि' म्हणजे विणलेलं आणि 'नुइगुरुमी' म्हणजे आत भरण घातलेलं खेळणं. इथे भोक राहिलं तर आतलं पांढरं भरण डोकावतं. म्हणून सगळं काम मुक्या खांबाचं, म्हणजे आखूड, घट्ट टाक्याचं, आणि दोऱ्याच्या मानाने सुई मुद्दाम बारीक, आमच्याकडे बहुतेक अडीच मिलीमीटरची. दिवसभर इतकं घट्ट विणलं की अंगठा दुखतो, पण दुसरा इलाज नाही.

गोल डोक्याची सुरुवात दोऱ्याच्या एका फासात घातलेल्या ६ टाक्यांनी होते. मग प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवायचे: १२, १८, २४, ३०, ३६. सहाच का? मुका खांब जवळपास जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढली की परीघ दोन 'पाय'ने (गणितातला π), म्हणजे सुमारे ६.२८ टाक्यांनी वाढतो. शाळेत नकोसा झालेला पाय इथे कामाला येतो. सहापेक्षा कमी वाढवले तर वाटी होते आणि जास्त वाढवले तर कड लाटांसारखी दुमडते. बाहुलीच्या फ्रॉकची झालर आम्ही अशीच, मुद्दाम जास्त टाके वाढवून करतो. (१९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी याच युक्तीने भूमितीतला एक अवघड वक्र पृष्ठभाग क्रोशाने विणून हातात धरता येईल असा केला. आमची मजल झालरीपर्यंतच.)

३६ वर पोचल्यावर सहा फेऱ्या टाके न वाढवता घालायच्या आणि मग तसंच उलट कमी करत यायचं. असा एक पूर्ण गोळा ४३२ टाक्यांचा होतो, लहान संत्र्याएवढा. साधारण एवढं काम फक्त छोट्या बाहुलीच्या डोक्याचं. पंचवीस सेंटीमीटरच्या बाहुलीला एका बाईचे दोन ते अडीच दिवस जातात.

खरं काम जोडणीत

सांगितलं तर पटणार नाही, पण विणकाम त्यातल्या त्यात सोपं. महिनाभर सराव केला की कुणालाही जमतं. बाहुली चांगली की वाईट हे ठरतं भरताना आणि जोडताना.

भरणाला आम्ही पॉलिस्टरचा फायबर वापरतो, ज्याला गादीवाले रेक्रॉन म्हणतात. कापूस का नाही, असं आजी मंडळी हमखास विचारतात. कापूस दबून त्याच्या गाठी होतात, आणि धुतला की आतून ओला राहून कुबट वास धरतो. शेवरीचा कापूस उशीत छान, पण त्याचे आखूड, गुळगुळीत तंतू विणीतून बाहेर येतात. फायबरही मूठभर कोंबून चालत नाही. चिमूट चिमूट पिंजायचा आणि पेन्सिलीच्या बोथट टोकाने कडेपासून आत बसवत जायचा. पाय तळाशी टच्च भरायचे आणि वरचा भाग मोकळा ठेवायचा, तर बाहुली बसते. हात गच्च भरले तर ते ट्रॅफिक पोलिसासारखे आडवे राहतात.

मग मान. सुरुवातीला आम्ही डोकं आणि धड वेगळं विणून शिवत होतो. दिसायला सुबक, पण दोन-तीन महिन्यांत मुलांनी मानेला धरून फिरवलं की डोकं लटपटायला लागे. एका आठवड्यात तशा चार बाहुल्या परत आल्या, तेव्हा पद्धत बदलली. आता धड आणि डोकं सलग विणतो, मान १८ टाक्यांपेक्षा बारीक करत नाही आणि तिथे भरण अगदी ठासून घालतो. काडी किंवा तार आत घालून मान ताठ करण्याची युक्ती काहीजण वापरतात. मुलांच्या खेळण्यात ती आम्ही करत नाही, तुम्हीही कुणाकडून घेऊ नका.

हातपाय आधी टाचण्यांनी लावून बाहुली समोर ठेवतो, लांबून बघतो आणि मगच शिवतो. एक टाका इकडेतिकडे झाला तरी ती तिरकी दिसते. टाचण्या मोजून घेतो आणि मोजून डबीत परत ठेवतो. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत बाहुली पिशवीत जात नाही. शिवल्यावर दोऱ्याचं टोक तीन वेगळ्या दिशांनी आत फिरवून मग कापतो.

विकत घेताना, आमच्याकडे किंवा इतर कुठेही, हे करून बघा: वीण दोन बोटांनी ताणा, भरण दिसता कामा नये. हात धरून ओढा. बाहुली डोक्याला धरून हलवा. कुणी हरकत घेतली तर समजून जा.

डोळे, नथ आणि वय

बाळ तीन वर्षांखालचं असेल तर ऑर्डर देताना आवर्जून सांगा. त्यांच्यासाठी आम्ही डोळे दोऱ्याने भरतो. प्लॅस्टिकच्या डोळ्यांना आतून वॉशर असतो आणि ते सहज निघत नाहीत, पण दात येणाऱ्या बाळाचा भरवसा नाही. साधारण जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीत मावेल एवढी कुठलीही वस्तू एवढ्या लहान मुलाच्या घशात अडकू शकते. खेळण्यांच्या चाचणीत त्यासाठी ३१.७ मिलीमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात.

आमच्या नऊवारीतल्या बाहुलीची नथ याच कारणाने दोन प्रकारची येते: शोकेससाठी मण्यांची, खेळायला भरतकामाची. केसही तसेच. एकेक दोरा गाठवलेल्या लांब केसांचा अंबाडा मोठ्या मुलींसाठी, तान्ह्यांसाठी डोक्यावर विणलेली टोपीच केसांच्या रंगाची.

आयएसआय चिन्हाबद्दलही विचारणा होते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे, आणि आमच्याकडे विणणाऱ्या बायकांची ती नोंदणी आहे. सूट आहे म्हणून ओढून बघायचं आम्ही सोडलेलं नाही.

हल्ली मोबाइलवर फोटो पाठवून "अगदी अशीच करा" म्हणतात. त्यातले बरेच फोटो संगणकाने रचलेले असतात. त्यातल्या टाक्यांना ना सुरुवात असते ना शेवट, ते विणता येत नाहीत. त्यापेक्षा मुलाने काढलेलं चित्र पाठवा. तीन पायांची मांजर आम्ही आनंदाने करतो.

धुणं आणि ठेवणं

आमचा दोरा सुती आहे. गिऱ्हाईक त्याला लोकरच म्हणतं, आम्हीही म्हणतो, मेंढीचा मात्र त्यात काही वाटा नाही. अ‍ॅक्रिलिक स्वस्त आणि हलकं पडतं, पण मुलांच्या हाताळणीने त्यावर गोळे येतात.

छोटा डाग ओल्या फडक्याने पुसा. पूर्ण धुवायचीच असेल तर कोमट पाण्यात लोकरीच्या कपड्यांचं लिक्विड घालून हलक्या हाताने दाबा, पिळू नका. नंतर टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि पंख्याखाली आडवी वाळवा. दोरीवर चिमटा लावून टांगली तर मान लांबते. लाल आणि गडद निळी बाहुली पहिल्यांदा वेगळी धुवा. पावसाळ्यात, त्यातून कोकणात असाल तर, धुवायच्या भानगडीत पडू नका. तीन दिवस वाळत नाही.

कपाटात ठेवताना डांबरगोळ्या नकोत. बाहुली शेवटी बाळाच्या तोंडात जाते, आणि नॅप्थलीनच्या गोळ्या काही बाळांच्या रक्ताला फार अपायकारक ठरतात. सुती पिशवी आणि महिन्यातून एकदा सकाळचं ऊन पुरतं.

शिवण उसवली तर घेऊन या किंवा पाठवा. हातपाय पुन्हा बसवून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. कुत्र्याने चावलेल्या बाहुलीचे घेतो, पण तीही दुरुस्त होते. प्रत्येक बाहुलीबरोबर पुठ्ठ्यावर गुंडाळलेला थोडा दोरा मिळेल, तो फेकू नका. गुलाबीच्या एका लॉटचा रंग दुसऱ्याशी कधीच जुळत नाही, आणि वर्षभराने दुरुस्तीला आलेल्या बाहुलीच्या रंगाचा दोरा आमच्याकडेही शिल्लक नसतो.