एमसीबी कुणाला राखते?

गेल्या पावसाळ्यात जुन्या बाजारातून एक बेंच ग्राइंडर आणला. बिडाची जड बॉडी, दोन्ही टोकांना सहा इंची चाकं, मोटर अगदी मऊ फिरणारी. दोन दिवस पटाश्या आणि रंध्याची पाती त्यावर धार लावून घेतली. तिसऱ्या दिवशी गॅलरीतून पावसाचं पाणी आत आलं होतं, मी अनवाणी होतो आणि ग्राइंडर बंद करताना मनगट त्याच्या बॉडीला टेकलं. कोपरापर्यंत सणक गेली, हात झटक्यासरशी मागे आला. आधीचे दोन दिवसही त्या बॉडीत करंट होताच. मधे रबरी चप्पल होती, एवढंच.

डीपी, म्हणजे घरातली विजेची मुख्य पेटी, उघडून पाहिली, तर एकही एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप खाली पडून लाइन तोडणारा खटका) पडलेली नव्हती. ओळखीच्या वायरमनला विचारलं. तो म्हणाला, "जुन्या मशीनला थोडा करंट येतोच दादा, चप्पल घालून काम करत जा." घरच्या घरी ड्रिल, ग्राइंडर, सोल्डरिंग घेऊन बसणाऱ्या आपल्यासारख्या बहुतेकांना वाटतं की काही गडबड झालीच तर एमसीबी पडेल आणि आपण वाचू. हा समज जीवघेणा आहे. तो का चुकीचा, हे शाळेतल्या भागाकारानेही कळतं.

एमसीबी किंवा जुन्या घरांतला चिनीमातीचा फ्यूज, दोन्ही वायर राखायला बसवलेले असतात. भिंतीतल्या तांब्याच्या तारेतून तिला झेपेल त्याहून जास्त करंट वाहिला तर ती तापते, वरचं आवरण वितळतं, आग लागते. ती वेळ येण्याआधी लाइन तोडणं हे एमसीबीचं काम. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरपर्यंत स्वस्थ बसते, बसायलाच हवी. आता तारेच्या जागी माणूस घेऊ. घरात वीज २३० व्होल्टची. या व्होल्टेजला हातापासून पायापर्यंत शरीराचा रोध साधारण १००० ते २००० ओहम असतो, अंग ओलं असेल तर आणखी कमी. १५०० धरला तर २३० भागिले १५००, म्हणजे जेमतेम ०.१५ अँपिअर, अर्थात १५० मिलिअँपिअर. ६ अँपिअरच्या छोट्या एमसीबीच्या हिशेबातही हा चाळिसावा भाग झाला. शॉक लागलेला माणूस तिच्या लेखी ३५ वॅटचा एक दिवा असतो. दिवा लागला म्हणून एमसीबी कशी पडेल?

शरीराचा हिशेब मात्र मिलिअँपिअरमध्ये चालतो. एक मिलिअँपिअरच्या आसपास झिणझिण्या कळतात. दहाच्या पुढे स्नायू आपलं ऐकेनासे होतात. अमेरिकेत बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅल्झील या प्राध्यापकांनी स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून, हातात धरलेली तार माणूस किती करंटपर्यंत स्वतःहून सोडू शकतो हे मोजलं. सरासरी पुरुषांत सुमारे १६ मिलिअँपिअर आली, स्त्रियांत साडेदहा. त्यापुढे मूठ उघडत नाही, कारण मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असतात आणि करंट दोघांनाही एकदमच आवळतो. "विजेने धरून ठेवलं" असं आपण म्हणतो ते हेच. पन्नास मिलिअँपिअरच्या वर करंट छातीतून सेकंदभर जरी गेला तरी हृदयाची लय मोडू शकते. त्याचे स्नायू एकत्र आकुंचन पावायचं सोडून वेगवेगळे थरथरत राहतात आणि रक्त पुढे ढकललंच जात नाही.

याच डॅल्झील यांनी १९६१ साली करंटची गळती ओळखून लाइन तोडणारं उपकरण तयार केलं. आपल्याकडे त्या जातीच्या उपकरणाला आरसीसीबी म्हणतात. दुकानात अजूनही ईएलसीबी हे जुनं नाव चालतं. तिची युक्ती मला फार आवडते, कारण ती इतकी साधी आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच लोखंडी कड्यातून नेलेल्या असतात. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला, तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना पुसून टाकतात आणि कडं शांत राहतं. त्यातला थोडा करंट जरी दुसऱ्या वाटेने, म्हणजे तुमच्या अंगातून जमिनीत गेला, तर जमाखर्च जुळत नाही. कड्यावरच्या गुंडाळीत वीज निर्माण होते आणि तीच खटका पाडते.

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी घेतली म्हणजे अंगातून तीसच मिलिअँपिअर जातील, असं मात्र नाही. जायचे ते दीडशे जातात. शॉक बसतो आणि चांगला बसतो. ती कमी करते वेळ. एवढ्या मोठ्या गळतीला ती बहुधा सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत लाइन तोडते. हृदयाचा एक ठोका साधारण ०.८ सेकंदाचा, त्यामुळे लय मोडायला पुरेसा अवधीच उरत नाही. घरात वर्कशॉप मांडताना नवं हत्यार घेण्याआधी पैसे इथे घालावेत, हे माझं ठाम मत आहे. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरच्याही मिळतात. त्या मुख्यतः आगीपासून संरक्षणासाठी असतात. माणसासाठी तीसचीच मागून घ्या. तिच्यावर एक टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. आतला खटका वर्षानुवर्षं हललाच नाही तर अडकून बसतो.

"सारखी पडते म्हणून काढून टाकली" हे मी कितीतरी घरांत ऐकलं आहे. ती उगाच पडत नाही. बऱ्याचदा इन्व्हर्टर बसवताना त्याचा न्यूट्रल दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलला जोडलेला असतो, म्हणून तिचा जमाखर्च जुळत नाही. कधी गिझरची कॉइल आतून पाझरत असते. तक्रार शोधून काढावी लागते, आणि त्याला अर्धा दिवस जातो.

आरसीसीबी पडण्यासाठी गळती व्हावी लागते, आणि ती तुमच्या अंगातून होण्याआधी दुसरीकडून व्हावी म्हणून अर्थिंग असतं. तीन पिनच्या टॉपमधली वरची पिन लांब असते, कारण मशीन लावताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी. मशीनची धातूची बॉडी तिला बांधलेली असते. आत फेज सुटून बॉडीला लागला की करंट अर्थच्या हिरव्या तारेतून जमिनीत जातो आणि आरसीसीबी लगेच पडते, मशीनला कुणी हातही लावलेला नसताना. माझ्या ग्राइंडरचा टॉप उघडला तेव्हा त्यात हिरवी तार कापून मागे दुमडलेली होती. आधीच्या कुणा मालकाने शॉकपेक्षा पिनच्या कटकटीची काळजी केली होती. मी तीन कोअरची नवी कॉर्ड घातली आणि मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे नेली. त्याने मेगर, म्हणजे तारेच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र, लावून गुंडाळीतला ओलावा दाखवला, भट्टीत वाळवून वार्निश मारून दिलं. "थोडा करंट" त्यानंतर आलेला नाही.

सॉकेटमध्ये तिसरं भोक आहे म्हणजे मागे अर्थिंग आहे, असं समजू नका. जुन्या इमारतींत ते भोक कित्येकदा रिकामं असतं. त्याहून वाईट म्हणजे काही जण बोर्डाच्या आतच अर्थला न्यूट्रल जोडून देतात. मल्टीमीटर बरोबर २३० दाखवतो, गिऱ्हाईक खूश. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की मशीन चालू असताना फेज त्याच्या मोटरमधून फिरून बॉडीवर येतो. शिवाय बॉडीत आलेला करंट न्यूट्रलमधूनच परत जात असल्याने आरसीसीबीला फरक दिसत नाही. एका जोडणीने दोन्ही राखणदार निकामी होतात.

आणि अर्थिंग चांगलं असलं तरी एमसीबीच्या भरवशावर राहता येत नाही. अर्थिंगची तार जमिनीत जिथे पुरतात त्या खड्ड्याचा रोध २० ओहम असेल, उन्हाळ्यात माती सुकली की तेवढा सहज होतो, तर फेज थेट बॉडीला लागूनही जास्तीत जास्त साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ अँपिअरची एमसीबी तशीच वर राहील आणि मशीनची बॉडी चालू लाइनसारखी तुमची वाट पाहत राहील.

वायर राखण्याचं कामही एमसीबी भिंतीपर्यंतच करते. भिंतीत अडीच चौरस मिलिमीटरची तार आहे म्हणून १६ अँपिअरची एमसीबी आहे. तिच्यावर तुम्ही बाजारातला स्वस्त एक्स्टेन्शन बोर्ड लावता, त्याची तार जेमतेम ६ अँपिअर झेपणारी. पुढे हीट गन आणि व्हॅक्यूम क्लीनर मिळून १२ अँपिअर ओढतात. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. तार गुंडाळून ठेवलेली असेल तर ती उष्णता बाहेरही पडत नाही. एमसीबी काहीच करत नाही, तिच्या मते सगळं मर्यादेत आहे. सैल स्क्रूचंही तसंच. टॉपमधल्या ढिल्या जोडात अर्धा ओहम रोध असेल आणि १० अँपिअर वाहत असतील तर त्या एका टिंबावर ५० वॅट उष्णता तयार होते. आपला साधा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. टॉप पिवळा पडलेला, पिन काळवंडलेली दिसली तर आतमध्ये हेच चालू असतं. काम झाल्यावर टॉप काढताना बोटांना कोमट लागतो का, हे पाहायची सवय लावून घ्या. पाहण्याआधी बटण बंद करा.

आरसीसीबीला न दिसणाऱ्या जागाही आहेत. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आला तर तिच्या दृष्टीने जमाखर्च अगदी चोख असतो. करंट मात्र एका हातातून दुसऱ्यात, छातीमधून जातो. म्हणूनच उघड्या सर्किटवर काम करताना एक हात खिशात ठेवायचा हा जुन्या मेकॅनिकांचा नियम आहे.

दुसरी जागा ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून त्याच्या दोन हजार व्होल्टने लाकडावर झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी जाळण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. नक्षी सुंदर दिसते. पण त्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमध्ये तारेचा संबंध नसतो. त्यामुळे पलीकडच्या बाजूला माणूस अडकला तरी अलीकडच्या आरसीसीबीला काही कळत नाही, आणि त्या व्होल्टेजला अंगातून जाणारा करंट पहिल्याच सेकंदात मारतो. यात इतके अनुभवी कारागीर गेले की अमेरिकन असोसिएशन ऑफ वूडटर्नर्स या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत या प्रकाराला बंदीच घातली. हे काम हातमोजे घालून, जपून करावं, असं मी म्हणणार नाही. करूच नका.

तिसरी जागा आपल्या घरांत फार सापडते. मेन बंद केला की सगळं मेलं असं वाटतं, पण इन्व्हर्टरला तर लाइट गेले असंच कळतं आणि तो बॅटरीवरून त्याच बोर्डाला २३० व्होल्ट देऊ लागतो. आरसीसीबी पडली तरी हेच होतं. वर्कशॉपच्या टेबलाचं सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊ नका, आणि घरातला कुठलाही बोर्ड उघडण्याआधी इन्व्हर्टरही बंद करा. त्याच्या १२ व्होल्टच्या बॅटरीने शॉक बसत नाही, पण पाना दोन्ही टर्मिनलवर पडला तर शेकडो अँपिअर वाहतात. अंगठी त्या वाटेत आली तर बोटासकट तापून लाल होते. अंगठी, कडं, धातूचा घड्याळपट्टा काढूनच बॅटरीपाशी जावं.

लाइन खरंच मेली आहे का, हे बघायला टेस्टर पुरत नाही. त्याच्यातला निऑन तुमच्या अंगातून जाणाऱ्या पाव मिलिअँपिअरहूनही कमी करंटवर पेटतो. तुम्ही लाकडी स्टुलावर उभे असाल किंवा उजेड जास्त असेल, तर लाइन जिवंत असूनही तो विझलेला दिसतो. मल्टीमीटर घ्या. आधी चालू सॉकेटवर लावून तो २३० दाखवतो याची खात्री करा, मग कामाच्या जागी मोजा, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या मोजणीच्या वेळी मीटरच बिघडला नव्हता, हे तिसऱ्या मोजणीने कळतं. जुना पॉवर सप्लाय उघडत असाल तर लाइन मेल्यावरही त्यातला वीज साठवणारा मोठा कपॅसिटर ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला राहू शकतो. २३० हे सरासरीसारखं माप आहे, लाटेचं शिखर त्याच्या १.४१ पट उंच असतं. त्याच्या टोकांवर मीटर धरून आकडा खाली आलेला पाहिल्याशिवाय बोट आत घालू नका.

माझ्या डीपीत वर्कशॉपच्या आरसीसीबीला लाल टेप लावली आहे आणि घरातल्या प्रत्येकाने ती एकदा स्वतःच्या हाताने पाडून पाहिली आहे. मी टेबलापाशी पडलेला दिसलो तर मला हात लावायचा नाही. आधी लाल टेप खाली, मग इन्व्हर्टर बंद. तेही जमलं नाही तर कोरड्या लाकडी काठीने तार दूर करायची. मग हाक मारून पाहायचं. मी प्रतिसाद देत नसेन आणि श्वास नीट चालत नसेल तर एकाने १०८ लावायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं. दमलं की दुसऱ्याने घ्यायचं, गाडी दारात येईपर्यंत. माझ्या धाकट्या मुलीला उशीवर सराव करताना पहिल्यांदा वेग जमत नव्हता, ती फार हळू दाबत होती. आता जमतो.