पन्नास बदल, एक रात्र

"रविवारी पहाटे २ ते ५ या वेळेत देखभालीसाठी आमच्या सेवा बंद राहतील." बँकेचा असा मेसेज आला की घरात कोणीतरी म्हणतंच, "कधीतरी एकदाच करतात ते बरं. रोज हात लावला तर रोज बिघडेल." ऐकायला पटतं. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र हा समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे कळायला शाळेतलं गणित पुरतं.

पूर्वी बहुतेक कंपन्यांत सॉफ्टवेअर दोन वाड्यांत वाटलेलं असे, आणि अजूनही अनेक ठिकाणी असतं. कोड लिहिणारे डेव्हलपर एकीकडे, तो सर्व्हरवर चालता ठेवणारे ऑपरेशन्सवाले दुसरीकडे. डेव्हलपरना शाबासकी मिळते नवं काही दिल्याबद्दल, ऑपरेशन्सवाल्यांना काहीही बंद न पडल्याबद्दल. मग एक ढकलतो, दुसरा अडवतो आणि बदल मधल्या मध्ये साचत राहतात. जून २००९मध्ये फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर काम करणाऱ्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी कॅलिफोर्नियातल्या एका परिषदेत सांगितलं, की आमच्याकडे दिवसाला दहापेक्षा जास्त वेळा नवा कोड प्रॉडक्शनवर, म्हणजे लोक वापरतात त्या चालत्या सेवेवर, जातो, आणि दोन्ही टीम मिळून तो नेतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात 'डेव्हऑप्स डेज' ही परिषद भरली आणि डेव्हलपमेंट व ऑपरेशन्स यांच्या या जोडणीला 'डेव्हऑप्स' हे नाव मिळालं.

आता गणित. तिमाहीभर साचलेले ५० बदल एका रात्री एकदम चढवले, असं समजा. प्रत्येक बदल एकटा तपासलेला आहे आणि एकटा नीट चालतो. अडचण येते दोन बदल एकमेकांना आडवे गेले की. ५० माणसांनी एकमेकांशी हस्तांदोलन केलं तर किती हस्तांदोलनं होतील? ५० गुणिले ४९, भागिले २. म्हणजे १२२५. त्या रात्री संशयित ५० नाहीत, १२२५ जोड्या आहेत.

इथे चाणाक्ष वाचक अडवेल. एकेक बदल चढवला तरी शेवटी ५० बदल एकत्र नांदणारच, मग जोड्या तेवढ्याच की! अगदी बरोबर. एकूण जोड्या कमी होत नाहीत, शोध सोपा होतो. सदतिसावा बदल चढवला आणि पाच मिनिटांत तक्रार आली, तर ३६ जोड्या संशयित. पण त्या प्रत्येक जोडीत एक नाव ठरलेलं आहे: सदतिसावा. तोच मागे घ्यायचा, सेवा पूर्ववत, मग कारण निवांत शोधायचं. लिहिणाऱ्याला तो कोड कालचाच असल्यामुळे आठवतोही.

पन्नासच्या गठ्ठ्यात काय होतं? आपण निम्मे-निम्मे करून शोधू असं वाटतं. दोषी एकच बदल असेल तर ते जमतं: ५०चे २५, २५चे १३, आणि सहा फेऱ्यांत चोर हाती. दोषी जोडी असेल आणि तिच्यातला एक या अर्ध्यात, दुसरा त्या अर्ध्यात गेला, तर दोन्ही अर्धे वेगवेगळे चालवून पाहिले की दोन्ही निर्दोष दिसतात! एकत्र केले की पुन्हा बिघाड. त्यात अशा दोन-तीन जोड्या असल्या तर एकीचं लक्षण दुसरीच्या लक्षणाखाली झाकलं जातं. अख्खा गठ्ठा मागे घ्यायचा तर तीन महिन्यांचं काम जातं, म्हणून तो निर्णय कोणी घेत नाही. पहाटेचे पाच वाजतात. मला या विषयाचं वेड लागलं ते या एका गोष्टीमुळे.

'शुक्रवारी काही चढवायचं नाही' हा नियम अनेक कंपन्यांत पाळला जातो. शनिवारी दुरुस्तीला माणूस नसेल तर त्यात शहाणपण आहे. पण मुहूर्त पाहून रिलीज करणं किंवा सर्व्हररूमच्या दारावर लिंबू-मिरची टांगणं याने जोड्यांतला एकही झगडा मिटत नाही. आणि महागडं टूल विकत घेऊन, जुन्याच ऑपरेशन्स टीमच्या दारावर 'डेव्हऑप्स' अशी पाटी लावणं मला याच जातीचं वाटतं. काम देण्याची, शाबासकीची आणि रात्रीच्या फोनची वाटणी तीच राहिली, तर बदल पुन्हा साचणारच. अ‍ॅमेझॉनचे तंत्रप्रमुख वर्नर व्होगेल्स यांनी २००६मध्येच त्यांच्याकडची पद्धत सांगितली होती: जो बांधेल त्यानेच चालवायचं. रात्री तीनला फोन आपल्यालाच येणार हे माहीत असलेला माणूस लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरने काय केलं याच्या नोंदी, नीट ठेवतो, चाचण्या टाळत नाही.

हे सगळं नसेल तर काय होतं, त्याचं उदाहरण न्यू जर्सीतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीचं. जुलै २०१२च्या अखेरीस त्यांनी आठ सर्व्हरवर नवा कोड हाताने चढवला. एक सर्व्हर राहून गेला. त्यावर २००३पासून न वापरलेला जुना कोड पडून होता, आणि त्याला जागं करणारी खूण नव्या कोडसाठी पुन्हा वापरली होती. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि आठवा सर्व्हर बेफाम ऑर्डरी पाठवू लागला. गोंधळात त्यांनी उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा, बरोबर कोड काढून टाकला. खूण तशीच होती, त्यामुळे आता आठही सर्व्हर जुना कोड चालवू लागले. मागे घेण्याचाही सराव लागतो, तो यासाठीच. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त सौदे झाले आणि ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान.

अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने पुढच्या वर्षी काढलेल्या आदेशात दोन बारकावे नोंदवले आहेत. त्या सकाळी आठपासून, बाजार उघडायच्या आधीच, यंत्रणेने चुकीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांच्या एका गटाला पाठवले होते. ते इशारा म्हणून पाहायची पद्धतच नव्हती. आणि कोड चढवल्यावर दुसऱ्या तंत्रज्ञाने तो तपासावा, असा लेखी नियम कंपनीत नव्हता.